पियानो गेला, आता घरात काय ठेवायचं?



आजचा विषय माझ्या आत्याने दिला आहे. आत्या बहात्तर वर्षांची. लग्न होऊन इंदूरला गेली, तिथेच संसार झाला. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांकडे पियानो शिकली होती, म्हणून काकांनी मुंबईहून एक जुना उभा पियानो आणवला. चाळीस वर्षं तो त्यांच्या पुढच्या खोलीत होता. काका गेले, आणि गेल्या वर्षी माझ्या आतेभावाने तिला बंगळुरूला स्वतःकडे आणायचं ठरवलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, लिफ्ट लहान. पियानो आणता येणार नव्हता. तो तिथल्या एका शाळेला दिला.

सामान बांधताना आत्या मला फोनवर म्हणाली, "अगं, तू तिथेच आहेस ना? मला वाजवायला काहीतरी बघून ठेव. छोटंसं चालेल."

मी बघून ठेवलं, आणि चुकीचं ठेवलं. ६१ पट्ट्या, सहाशे आवाज, दोनशे ताल, रंगीत दिवे. आत्याने पहिल्या दिवशी दहा मिनिटं वाजवलं आणि वरून टॉवेल घातला. म्हणाली, "छान आहे. नातवाला खेळायला होईल." त्यानंतर तीन महिने तिने त्याला हात लावला नाही. सत्तर वर्षांच्या बाईचं वाजवणं एकदा तीन महिने बंद पडलं की पुन्हा सुरू होईलच असं नसतं. तेव्हा कुठे मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आज तुमच्यासमोर मांडते. कोणी बदलीच्या नोकरीमुळे घर बदलत असेल, कोणाची मुलगी दुसऱ्या शहरात हॉस्टेलला निघाली असेल, कोणाकडचा जुना पियानो पावसाळ्याने खाल्ला असेल. प्रश्न सगळ्यांचा एकच आहे.

पेटी, पियानो आणि बोटाचा जोर

आपल्याकडे बहुतेकांची पट्ट्यांशी पहिली ओळख होते ती पेटीवर. पेटीची पट्टी दाबली की आतली झडप उघडते, भात्यातली हवा सुरीवरून जाते आणि सूर निघतो. आवाज लहान-मोठा करायचा तो भात्याने. तुम्ही पट्टी हळू दाबा की जोरात, फारसा फरक पडत नाही.

पियानोचं उलटं आहे. पियानोची पट्टी म्हणजे एक तरफ. तुम्ही पुढचं टोक दाबता, मागचं टोक उचललं जातं आणि त्यातून नमद्याने मढवलेली लाकडी हातोडी तारेवर फेकली जाते. फेकली जाते हा शब्द महत्त्वाचा. तारेला लागण्याच्या जरा आधी हातोडी पट्टीपासून सुटते आणि शेवटचं अंतर स्वतःच्या वेगाने जाते. पट्टी किती वेगाने खाली गेली यावर आवाज किती मोठा आणि कसा होणार हे ठरतं. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० सालच्या सुमारास ही रचना केली. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची आणि बोटाच्या जोराने आवाज फारसा बदलत नसे. हळू आणि मोठा, दोन्ही आवाज बोटांनी काढता येणं हेच या वाद्याचं वैशिष्ट्य होतं. 'पियानो' या नावातच तो 'हळू' आहे.

आता दुकानात मिळणाऱ्या कीबोर्डांकडे या नजरेने बघा. सगळ्यात स्वस्त कीबोर्ड पेटीसारखे असतात: कसंही दाबा, आवाज तेवढाच. पियानो वाजवलेल्या माणसाच्या हातात असा कीबोर्ड देणं म्हणजे बोलणाऱ्याला एकाच पट्टीत बोल म्हणून सांगण्यासारखं आहे.

म्हणून पहिली अट अशी: कीबोर्ड 'टच सेन्सिटिव्ह' हवा, म्हणजे बोटाचा वेग ओळखणारा. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली दोन किंवा तीन संपर्कबिंदू असतात. पहिला बिंदू जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला हे यंत्र मोजतं आणि त्यावरून आवाज ठरवतं. मी घेतलेल्या कीबोर्डात ही सोय होती, पण ती मेनूमधून चालू करावी लागायची आणि मला ते ठाऊकच नव्हतं. तुमच्या घरी कीबोर्ड पडून असेल तर आधी हे तपासा. कदाचित नवीन घ्यायची गरजच नाही.

'वजन' म्हणजे काय?

आत्याचा कीबोर्ड मी मेनूत जाऊन सुधारला, तरी ती खूश नव्हती. म्हणाली, "आवाज बदलतोय गं, पण बोटाला काही लागतच नाही."

ही दुसरी अट, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हिच्याबद्दलच होतो. दुकानात 'वेटेड', 'सेमी-वेटेड', 'हॅमर अॅक्शन' असे शब्द ऐकू येतात. ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

झोपाळा आठवा. भरलेला झोपाळा ढकलायला सुरुवातीला जोर लागतो, पण एकदा हलला की तो स्वतःच जातो. आता रबर ताणून बघा. सुरुवातीला सहज ताणलं जातं आणि पुढे पुढे जड होत जातं. पियानोची पट्टी झोपाळ्यासारखी आहे, कारण तिच्या मागे हातोडीचं वस्तुमान आहे. साध्या कीबोर्डाची पट्टी रबरासारखी आहे, कारण तिला स्प्रिंग परत ढकलते.

म्हणूनच पट्टी किती ग्रॅमला खाली जाते एवढंच मोजून उपयोग नाही. चांगल्या पियानोची मधली पट्टी साधारण ५० ग्रॅम वजनाने खाली जाते. एखादी स्प्रिंगची पट्टीही तेवढ्याच वजनाने जाईल, पण बोटाला दोन्ही वेगळ्या वाटतात. झोपाळ्याला कधी आणि किती ढकलायचं हे जसं अंगवळणी पडतं, तसं पियानो वाजवणाऱ्याच्या हाताला ही हातोडी फेकायची सवय झालेली असते. स्प्रिंगच्या पट्टीवर ती सवय निरुपयोगी ठरते. हळू वाजवायला गेलं तर सूर उमटत नाही, नाहीतर एकदम मोठा उमटतो.

प्रकार तीन:

साधी पट्टी: फक्त स्प्रिंग. हलकी, जलद, स्वस्त. ऑर्गन आणि सिंथेसायझरच्या आवाजांना चांगली.

सेमी-वेटेड: स्प्रिंग जरा कडक, काही वेळा पट्टीला थोडं वजन. मधली अवस्था.

हॅमर अॅक्शन: पट्टीच्या मागे खरोखरचं वजन असलेली छोटी हातोडी. तार नाही, पण फेकण्याची भावना आहे. त्यातही 'ग्रेडेड' म्हणजे डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या जरा जड आणि उजवीकडच्या हलक्या, जशा खऱ्या पियानोत असतात.

घरच्या पियानोच्या जागी काही घ्यायचं असेल, तर तिसऱ्या प्रकाराला पर्याय नाही असंच मी म्हणेन. विशेषतः शिकणाऱ्या मुलांसाठी. दोन वर्षं साध्या पट्ट्यांवर शिकलेलं मूल शिक्षकांच्या पियानोसमोर बसलं की त्याची बोटं थकतात. मग ते मूल 'मला येत नाही' असं समजतं. कमी पडलेली असते ती फक्त घरची सवय.

पट्ट्या किती हव्यात?

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सात सप्तकं आणि वर थोडं. आपली पेटी तीन-साडेतीन सप्तकांची असते. मग साहजिकच वाटतं, एवढ्या पट्ट्या लागतात कुणाला?

आधी जागेचा हिशेब करू. पियानोच्या एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. ६१ पट्ट्यांची लांबी जवळपास ८५ सेंटिमीटर होते, ७३ पट्ट्यांची १०१, ७६ पट्ट्यांची १०६ आणि ८८ पट्ट्यांची १२२. दोन्ही बाजूंची चौकट वेगळी. म्हणजे ६१ आणि ८८ यांच्यात फरक सव्वा हाताचाही नाही.

इथेच एक इशारा. काही छोटे कीबोर्ड 'कॉम्पॅक्ट' होतात ते पट्ट्या अरुंद करून. खेळणं म्हणून ठीक आहे, पण पियानोच्या सवयीचा हात त्यावर चुकतो, कारण अंतरं बोटांना पाठ असतात. दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. एका सा पासून वरच्या सा पर्यंतच्या सात पांढऱ्या पट्ट्या मोजा. साडेसोळाच्या आसपास भरल्या तर ठीक, चौदा भरल्या तर ठेवून द्या.

आता सुरांचा हिशेब. मोझार्टचा स्वतःचा पियानो व्हिएन्नाच्या अँटोन वाल्टर यांनी बनवलेला होता आणि तो आजही साल्झबर्गमध्ये जपून ठेवलेला आहे. त्याला पाच सप्तकं होती, म्हणजे ६१ पट्ट्या. मग ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डावर मोझार्ट वाजायला हवा की नाही? अडचण अशी आहे की त्याचा पियानो 'एफ' ते 'एफ' होता आणि आजचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड बहुधा 'सी' ते 'सी' असतो. पट्ट्या तेवढ्याच, पण डावीकडचे सात खर्जाचे सूर गायब. सप्तक खाली सरकवायचं बटण असतं, पण ते दाबलं की उजवीकडचे सूर जातात. ७३ किंवा ७६ पट्ट्यांचे कीबोर्ड मात्र सहसा 'ई' पासून सुरू होतात. त्यांत मोझार्टची सगळी पाच सप्तकं बसतात. पुढे शोपँच्या काळापर्यंत पियानो वाढत गेला होता. ते संगीत मनासारखं वाजवायचं असेल तर ८८ पट्ट्या लागतात.

थोडक्यात सांगायचं तर भावगीत, भजन, चित्रपटगीत, गाण्याची साथ यांना ६१ पुरतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा पाया शिकायचा असेल तर ७३ किंवा ७६ वर पहिली काही वर्षं निघतात. पियानो वाजवणाऱ्याच्या पियानोच्या जागी ठेवायचा असेल तर ८८.

साथीचं म्हणाल तर एक सोय फार कामाची आहे. आपले गायक 'काळी दोन', 'पांढरी चार' असं सांगून गायला बसतात. 'ट्रान्सपोज'चं बटण असेल तर तुम्ही ओळखीच्या पट्ट्यांवर वाजवता आणि सूर त्यांच्या पट्टीत निघतो. पियानोला हे कधीच जमलं नसतं.

छोटा, पण कुठल्या बाजूने?

'कॉम्पॅक्ट' या शब्दाचे तीन अर्थ आहेत: लांबीला छोटा, खोलीला छोटा आणि वजनाला हलका. तुमची अडचण यातली कुठली ते आधी ठरवा.

आत्याच्या बाबतीत मी लांबी वाचवत बसले होते. प्रत्यक्षात तिच्या खोलीत खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये १४० सेंटिमीटर भिंत मोकळी होती. अडचण होती ती पुढे येण्याची. पलंग आणि भिंत यांत जायला वाट हवी होती.

आजचे ८८ पट्ट्यांचे हॅमर अॅक्शनचे साधे डिजिटल पियानो लांबीला १३० सेंटिमीटरच्या आसपास असतात, पण खोलीला बरेच कमी. कॅसिओचा सीडीपी-एस११० फक्त २३ सेंटिमीटर खोल आणि साडेदहा किलोचा आहे. यामाहाचा पी-१४५ अकरा किलोंचा. रोलंडचा एफपी-१० सव्वाबारा किलोंचा. उभ्या पियानोचं वजन दोनशे किलोंच्या पुढे जातं, त्यामानाने हे काहीच नाही. त्याहून हलकं हवं असेल तर हातोडी सोडावी लागते. रोलंडचा ६१ पट्ट्यांचा गो-पियानो चार किलोंहून कमी आहे, पण त्याच्या पट्ट्यांत हातोडी नाही. हातोडीलाच वजन असतं, त्यामुळे खूप हलका आणि पियानोसारखा अशा दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

पातळ वाद्याचीही एक किंमत असते. खोली कमी म्हणजे आत पट्टीची तरफ आखूड. पट्टीच्या मागच्या भागात, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये बोट गेलं की तिथे ती जास्त जड लागते. म्हणून दुकानात पट्टीच्या टोकाशीच वाजवून बघू नका, आत बोट घालूनही बघा.

रोज उचलून पलंगाखाली ठेवू, हा विचार शक्यतो सोडून द्या. अकरा किलो आणि सव्वा मीटर लांब अशी वस्तू वयस्कर माणसाने रोज उचलायची नाही. शिवाय जे वाद्य बाहेर काढावं लागतं ते हळूहळू वाजेनासं होतं. येता-जाता समोर दिसलं की हात जातोच.

स्टँड, बैठक आणि उंची

बरेच जण चांगला कीबोर्ड घेतात आणि जेवणाच्या टेबलावर ठेवतात. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर वाद्याची दहा सेंटिमीटर. झाली ८५. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून ७२-७३ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे टेबलावर वाजवताना खांदे उचललेले राहतात आणि आठ दिवसांत मान धरते. दोष मात्र वाद्याला दिला जातो.

नियम सोपा आहे. बसल्यावर कोपर आणि पट्ट्या जवळपास एका पातळीत हव्यात. इंग्रजी एक्स अक्षरासारखा घडीचा स्टँड स्वस्त असतो, पण ८८ पट्ट्यांखाली तो डुलतो आणि गुडघ्यांना अडतो. चार पायांचा किंवा वाद्यासोबत मिळणारा लाकडी स्टँड घ्या. जमत असेल तर सुताराकडून साठ-बासष्ट सेंटिमीटर उंचीचं, आडवी पट्टी नसलेलं साधं टेबल करून घ्या. आम्ही तेच केलं.

आवाज, हेडफोन आणि शेजारी

डिजिटल पियानोत तारा नसतात. खऱ्या पियानोचा एकेक सूर वेगवेगळ्या जोराने वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो, आणि तुमच्या बोटाच्या वेगानुसार त्यातला योग्य तो ऐकू येतो. एका वेळी किती सूर निघू शकतात, याला 'पॉलिफोनी' म्हणतात. तुम्ही म्हणाल, दहा बोटांना दहा पुरेत. पण पेडल दाबलं की आधीचे सूरही घुमत राहतात आणि त्यांची गणती चालू असते. मर्यादा संपली की सगळ्यात जुना सूर मध्येच तुटतो. ६४ असेल तर घरगुती वाजवण्याला बहुतेक वेळा भागतं, ९६ किंवा १२८ असेल तर निश्चिंत राहता येतं. सहाशे आवाजांपेक्षा एक चांगला पियानोचा आवाज मोलाचा. तो हळू वाजवून ऐका, कारण जोरात सगळेच बरे वाटतात.

छोट्या वाद्यांचे स्पीकर अनेकदा खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलं तर आवाज दबतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सगळ्यात मोठं सुख हेडफोनचं. पण तारेचाच हेडफोन वापरा. ब्लूटूथवर आवाज क्षणभर उशिरा येतो, आणि बोट आधी व सूर नंतर असं झालं की वाजवणं अशक्य होतं. घेताना भोक ३.५ मिलिमीटरचं आहे की जाडं ६.३चं तेही बघा, त्याप्रमाणे छोटा जोड लागतो. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची ठकठक स्टँडमधून जमिनीत उतरते आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाते. रात्री वाजवणार असाल तर स्टँडच्या पायांखाली जाड रबरी चटई ठेवा.

पेडल आणि वीज

वाद्यासोबत बहुधा एक चपटं, चौकोनी पेडल मिळतं. ते फरशीवर सरकतं आणि पाय शोधत राहतो. पियानोच्या पेडलसारखं धातूचं, खाली रबर असलेलं पेडल वेगळं घ्या. ज्यांना अर्धं पेडल दाबून सूर थोडासाच धरायची सवय आहे त्यांनी 'हाफ पेडल' चालतं का ते विचारावं. आधी वाद्याला ते कळायला हवं, मग पेडलला.

वीज फार लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतं. वीज वारंवार जाते अशा गावी सेलवर चालणारं मॉडेल बघा. वर सांगितलेला सीडीपी-एस११० पेन्सिल सेलवरही चालतो. अॅडॅप्टर मात्र कंपनीचाच वापरा. व्होल्टेज जुळलं तरी पिनेचा धन-ऋण उलटा असला तर वाद्य कायमचं बिघडू शकतं. परदेशातून कोणी वाद्य आणून दिलं तर त्याचा अॅडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला चालतो का ते आधी वाचा. अमेरिकेतला पुरवठा १२० व्होल्टचा असतो.

आपली हवा

खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा टनांहून अधिक असतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तारांना गंज चढतो, नमद्याला कसर लागते. वर्षातून एक-दोनदा सूर लावून घ्यावा लागतो आणि लहान शहरांत ते जाणणारा माणूस सहज मिळत नाही. डिजिटल वाद्याला सूर लावावा लागत नाही, ही मोठी सुटका आहे.

पण त्याचेही शत्रू आहेत. पट्ट्यांखालचे रबरी संपर्क धुळीने आणि दमटपणाने खराब होतात. मग एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबली तरी ओरडते. कापडी आच्छादन घाला, प्लॅस्टिकचं नको, त्यात घाम धरतो. आणि वाद्यावर चहाचा कप ठेवायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू करा.

जुनं वाद्य घेत असाल तर ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून आधी अगदी हळू, मग जोरात वाजवून बघा. लाजू नका. दहा मिनिटं लागतात.

दुकानात जाल तेव्हा

एक, वाजवणाऱ्याला सोबत न्या. भेट म्हणून परस्पर घेऊ नका, हे मी स्वतः चुकून शिकले आहे.

दोन, विक्रेता तयार ताल चालू करून दाखवेल. विनंती करून तो बंद करायला सांगा आणि फक्त पियानोचा आवाज लावा.

तीन, एकच पट्टी दहा वेळा वाजवा, कानाला जेमतेम ऐकू येईल इथपासून पूर्ण जोरापर्यंत. दहाही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत.

चार, पाठ असलेला एखादा संथ तुकडा वाजवा. जलद तुकडा दोष लपवतो.

पाच, पैसे कमी पडत असतील तर आवाजांची संख्या, रेकॉर्डिंग, पडदा, दिवे यांत काटकसर करा. पट्टी, पेडल आणि स्टँड यांत करू नका.

मुलं परीक्षा देणार असतील तर एक लक्षात ठेवा. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. कीबोर्डाच्या अभ्यासक्रमात तालांचा आणि वेगवेगळ्या आवाजांचा वापर असतो, त्यामुळे तिथे साधा डिजिटल पियानो पुरत नाही, आणि पियानोच्या परीक्षेला तालांचा कीबोर्ड पुरत नाही. कुठली परीक्षा द्यायची ते शिक्षकांना विचारून मगच दुकानात जा.

आत्याचं काय झालं?

दुसऱ्यांदा आम्ही दोघी गेलो. तिने चार वाद्यं वाजवली. बोटांचे सांधे हल्ली दुखतात, त्यामुळे मला वाटत होतं तिला हलक्या पट्ट्याच बऱ्या वाटतील. तिने ८८ पट्ट्यांचं हॅमर अॅक्शनचं पातळ वाद्य निवडलं. म्हणाली, "जड नाही गं हे, ओळखीचं आहे." मग विक्रेत्याने 'टच'ची सेटिंग 'लाइट'वर केली. त्याने पट्टीचं वजन कमी होत नाही, पण थोड्या जोरातही पुरेसा मोठा सूर निघतो. दुखऱ्या बोटांना तेवढं पुरलं.

हा पियानो आहे का? नाही. इंदूरच्या पियानोवर खर्जाचा सूर वाजला की लाकूड थरथरायचं आणि ते बोटांतून दंडापर्यंत यायचं, असं ती सांगते. ते आता नाही. एक सूर वाजला की बाकीच्या तारा हलकेच घुमायच्या, तेही इथे यंत्राने केलेलं आहे. काय गमावलं ते तिला नेमकं माहीत आहे आणि मी ते नाकारत नाही.

पण टॉवेल निघाला. सकाळी वीस मिनिटं ती उघड्या आवाजात वाजवते, रात्री झोप आली नाही तर हेडफोन लावून. परवा आतेभावाचा फोन आला होता. म्हणाला, "रात्री पाणी प्यायला उठलो, तर आई अंधारात बसून वाजवत होती. काहीच ऐकू येत नव्हतं, नुसती बोटं हलत होती."

पहिला कीबोर्ड नातवाकडे आहे. रंगीत दिव्यांवर तो खूश आहे. त्याच्यासाठी तो अगदी योग्य आहे.

तेव्हा मंडळी, घरात पियानोच्या जागी काय ठेवायचं हे ठरवताना आधी त्यावर बसणाऱ्याचे हात बघा. काय घ्यायचं ते बरंचसं तिथेच कळतं.